हवेवर जगणारी वनस्पती? : टिलँडसियाचे घरातील संगोपन व त्यामागील शास्त्र

सारांश

‘एअर प्लांट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टिलँडसिया प्रजातीतील वनस्पती मातीविना वाढतात. त्यामुळे त्यांना पाणी व पोषणाची गरज नसते असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात या वनस्पतींच्या पानांवरील शल्कांची रचना, रात्री उघडणारी पर्णरंध्रे व त्यांचा मूळ अधिवास यांचा परिचय करून दिला आहे. त्या आधारे पाणी, प्रकाश, हवा, आधार व खत यांविषयीच्या संगोपन-नियमांची कारणमीमांसा केली आहे. महाराष्ट्र व गोव्यातील हवामानानुसार या नियमांत करावयाचे बदल, हवा शुद्धीकरणाच्या दाव्यातील तथ्य, वनस्पतींच्या व्यापाराशी निगडित प्रश्न आणि महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : टिलँडसिया, अपिवनस्पती, शल्क, कॅम चयापचय, गृहवनस्पती, संवर्धन

१. प्रस्तावना

शहरी घरे, कार्यालये व महाविद्यालयांच्या विभागीय कक्षांत शोभिवंत वनस्पती ठेवण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे. जागेची टंचाई व वेळेचा अभाव यांमुळे ‘कमी देखभालीच्या’ वनस्पतींना मागणी वाढली. या वर्गात टिलँडसियाने विशेष स्थान मिळविले आहे. काचेच्या लोंबत्या गोळ्यात, शंखात, लाकडाच्या ओंडक्यावर किंवा नुसत्या तारेवर ही वनस्पती ठेवता येते. कुंडी नको, माती नको, त्यामुळे चिखलही नाही. ‘हवेवर जगणारी वनस्पती’ हे वर्णन या सोयीतूनच जन्माला आले.

मात्र हेच वर्णन या वनस्पतीच्या मृत्यूचे प्रमुख कारण ठरते. हवेवर जगते म्हणून तिला पाणी दिले जात नाही, किंवा याच्या उलट, इतर कुंड्यांप्रमाणे तिला सतत ओले ठेवले जाते. दोन्ही प्रकारांत ती मरते. तिची पाने ताठ व रुपेरी असल्याने वाळल्यानंतरही आकार टिकून राहतो. सामान्य झाड कोमेजून सूचना देते, तर टिलँडसियाचा मृत्यू अनेकदा घडून गेल्यावरच लक्षात येतो. म्हणून या वनस्पतीचे संगोपन केवळ निरीक्षणावर सोडता येत नाही. तिची शरीरक्रिया समजून घेणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) टिलँडसियाच्या पाणी व कार्बन डायऑक्साइड ग्रहण करण्याच्या पद्धतीचा परिचय करून देणे.
२) संगोपनाच्या प्रचलित नियमांमागील कारणे स्पष्ट करणे.
३) स्थानिक हवामानाच्या संदर्भात या नियमांचे उपयोजन सुचविणे.
४) या वनस्पतीविषयीच्या काही रूढ समजुतींची तपासणी करणे.

२. नाव, कुळ व प्रसार

टिलँडसिया ही ब्रोमेलिएसी कुळातील सर्वांत मोठी प्रजाती असून तिच्यात सहाशेहून अधिक जातींचा समावेश केला जातो. याच कुळातील अननस महाराष्ट्र व गोव्यातील वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. अननसाच्या पानांच्या खालच्या बाजूस दिसणारा पांढुरका थर व टिलँडसियाच्या पानांवरील रुपेरी झाक ही एकाच प्रकारच्या शल्कांमुळे निर्माण झालेली असते.

प्रजातीचे नाव कार्ल लिनियसने एलियास टिलँड्झ (१६४०–१६९३) या तुर्कू येथील वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ दिले. टिलँड्झने १६७३ मध्ये तुर्कू परिसरातील वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली होती. समुद्रप्रवासाचा त्रास झाल्याने त्याने परतीचा प्रवास बॉथ्नियाच्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून केला, अशी हकीकत सांगितली जाते. पाण्याचे वावडे असलेल्या वनस्पतीला पाण्याचे वावडे असलेल्या माणसाचे नाव, असा लिनियसचा हेतू होता. पुढील संशोधनाने ही समजूत चुकीची ठरविली. टिलँडसियाला पाण्याचे वावडे नसून साचलेल्या पाण्याचे वावडे आहे. तथापि, आजच्या ‘एअर प्लांट’ या नावामागील गैरसमजाचे मूळ असे अठराव्या शतकापर्यंत मागे जाते.

टिलँडसियाचा नैसर्गिक प्रसार केवळ अमेरिका खंडात, म्हणजे संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिना व चिलीपर्यंत आहे. भारतात ती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. बहुसंख्य जाती अपिवनस्पती आहेत. अपिवनस्पती म्हणजे दुसऱ्या झाडावर केवळ आधारासाठी वाढणारी वनस्पती होय. आपल्याकडे आंब्यावर वाढणारे बांडगूळ आश्रयदात्या झाडाच्या ऊतींत शोषकमुळे घुसवून त्याचा रस घेते, म्हणून ते परजीवी ठरते. आंब्याफणसाच्या खोडावर वाढणाऱ्या आमरीच्या जाती असे काही करीत नाहीत. टिलँडसियाचे नाते आचरणाच्या दृष्टीने बांडगुळाशी नसून आमरीशी आहे. टिलँडसिया रिकर्व्हाटा ही जाती विजेच्या व दूरध्वनीच्या तारांवरही वाढते. तारेत शोषण्याजोगे काहीच नसल्यामुळे ही वनस्पती परजीवी नाही याचा याहून स्पष्ट पुरावा आवश्यक नाही. पेरू व उत्तर चिलीच्या किनारी वाळवंटात तर टिलँडसिया लँडबेकीसारख्या काही जाती उघड्या वाळूवर पसरतात व जवळजवळ सर्व पाणी समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातून मिळवितात.

३. पानांवरील शल्क : पाणी शोषण्याची यंत्रणा

आमरीची लोंबती मुळे आपल्या स्पंजासारख्या आवरणाने पाणी टिपतात. टिलँडसियात मुळांकडे हे कार्य राहिलेले नाही. मुळे केवळ वनस्पतीला आधारास घट्ट धरून ठेवतात, आणि स्पॅनिश मॉस या नावाने प्रसिद्ध असलेल्या टिलँडसिया उस्नेऑइडिसच्या प्रौढावस्थेत ती नसतातच. पाणी व खनिजे घेण्याचे कार्य पानांवरील सूक्ष्म शल्कांकडे आलेले आहे.

प्रत्येक शल्क लहानशा छत्रीप्रमाणे असते. छत्रीचा वरचा भाग मृत पेशींचा असून बहुतेक जातींत मध्यभागी ४ पेशी, त्यांभोवती ८ व १६ पेशींची वलये आणि बाहेर पातळ पंखाप्रमाणे पसरलेली कडा अशी त्याची रचना असते. छत्रीचा दांडा मात्र जिवंत पेशींचा असून तो पानाच्या अंतर्भागाशी जोडलेला असतो. पान कोरडे असताना मृत पेशी आक्रसलेल्या असतात व पंख किंचित वर उचललेले राहतात. अशा असंख्य पंखांवरून प्रकाश परावर्तित होत असल्याने पान रुपेरी दिसते. पाणी पडताच मृत पेशी पाणी ओढून फुगतात, पंख पानावर सपाट बसतात व पाणी छत्रीखाली खेचले जाते. तेथून दांड्यातील जिवंत पेशी परासरणाने पाणी आत घेतात. पुन्हा कोरडे झाल्यावर मधल्या पेशींच्या जाड भिंती खाली बसून झाकणासारखे काम करतात, त्यामुळे आत गेलेले पाणी त्याच वाटेने सहज बाहेर पडत नाही. शल्क अशा प्रकारे एकदिशा झडपेसारखे काम करते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल मेझ याने १९०४ मध्ये या यंत्रणेचे विवेचन केले होते. पुढे अमेरिकेतील डेव्हिड बेन्झिंग यांच्या संशोधनाने तिचे आकलन अधिक परिपूर्ण झाले.

या रचनेतून संगोपनाचे दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, शल्क प्रामुख्याने द्रवरूप पाणी शोषते. खोलीतील हवा दमट आहे एवढ्यावर वनस्पतीची गरज भागत नाही, पान प्रत्यक्ष ओले व्हावे लागते. दुसरा निष्कर्ष याच्या विरुद्ध दिशेचा आहे. पंख सपाट बसल्यावर पानावर पाण्याचा अखंड पापुद्रा तयार होतो व त्यामुळे पर्णरंध्रांतून होणारी वायूंची देवघेव थांबते. सतत ओले राहिलेले पान गुदमरते. पान पूर्ण भिजले पाहिजे आणि नंतर पूर्ण वाळले पाहिजे, हा टिलँडसियाच्या संगोपनाचा मूलभूत नियम होय.

४. रात्रीचे श्वसनमार्ग : कॅम चयापचय

बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. रुपेरी टिलँडसियाच्या जातींत ती रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांत साठविला जातो. दिवसा पर्णरंध्रे मिटलेली असताना या आम्लाचे विघटन होऊन मुक्त झालेला कार्बन डायऑक्साइड प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. या पद्धतीस क्रॅसुलेसियन आम्ल चयापचय किंवा संक्षेपाने ‘कॅम’ म्हणतात. दिवसाच्या उन्हात पर्णरंध्रे बंद राहिल्याने बाष्पोत्सर्जनात होणारा पाण्याचा व्यय मोठ्या प्रमाणात वाचतो. अननस, घायपात, निवडुंग व पानफुटी या परिचित वनस्पतींतही ही पद्धत आढळते.

या शोधाच्या इतिहासात भारताचे स्थान उल्लेखनीय आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन याने पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव व सायंकाळी किंचित कडवट लागतात असे निरीक्षण नोंदविले. त्याचे हे पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जिभेने केलेल्या या निरीक्षणाचे रासायनिक स्पष्टीकरण विसाव्या शतकात मिळाले.

संगोपनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. सायंकाळी पाणी दिल्यास रात्रभर पानांवर पाण्याचा पापुद्रा राहतो व नेमक्या कार्बन डायऑक्साइड घेण्याच्या वेळी पर्णरंध्रे झाकली जातात. म्हणून टिलँडसियाला पाणी सकाळीच द्यावे.

५. संगोपनाचे नियम

५.१ पाणी देण्याची पद्धत : आठवड्यातून एकदा वनस्पती पसरट भांड्यातील पाण्यात २० ते ३० मिनिटे पूर्ण बुडवून ठेवावी. बाहेर काढल्यावर उलटी धरून हलकेच झटकावी व मोकळ्या हवेत आडवी किंवा उलटी ठेवावी. सुमारे चार तासांत ती पूर्ण वाळली पाहिजे. पानांच्या बेचक्यांत पाणी साचल्यास बुडखा कुजतो. टिलँडसिया बल्बोसा व टिलँडसिया कॅपुट-मेडुसी यांसारख्या कांद्याप्रमाणे फुगीर बुडखा असलेल्या जातींत हा धोका अधिक असतो. कोरड्या दिवसांत दोन भिजवण्यांच्या मधे एकदोन वेळा फवारणी करावी, परंतु केवळ फवारणीवर विसंबू नये.

सर्व जातींना एकच प्रमाण लागू पडत नाही. हिरव्या, गुळगुळीत पानांच्या जाती दमट जंगलांतील असून त्यांना अधिक पाणी लागते. दाट रुपेरी जाती कोरड्या व उन्हाळ प्रदेशांतील असून त्यांना कमी पाणी पुरते. टिलँडसिया झेरोग्राफिका ही रुंद वळणदार पानांची जाती थोडा वेळ बुडवून काढणे पुरेसे असते. इक्वेडोर व पेरूमधील टिलँडसिया टेक्टोरमची पाने लांब शल्कांमुळे कापसासारखी पांढरी दिसतात. तिला बुडविण्याऐवजी हलकी फवारणी करावी. नवख्या संगोपकासाठी टिलँडसिया आयोनान्था ही लहान व सहनशील जाती सर्वांत योग्य होय.

पाण्याची कमतरता असल्यास पान लांबीच्या दिशेने पन्हळीसारखे आत वळते व शेंडे तपकिरी होऊन वाळतात. अशी वनस्पती काही तास पाण्यात ठेवल्यास बहुधा सावरते. अतिरिक्त पाण्याने बुडखा काळसर व मऊ होतो आणि मधली पाने ओढताच निघून येतात. या अवस्थेतील वनस्पती सहसा वाचत नाही. म्हणून शंका आल्यास अधिक पाण्यापेक्षा कमी पाण्याची चूक पत्करणे श्रेयस्कर ठरते.

५.२ पाण्याचा दर्जा : पावसाचे पाणी सर्वोत्तम होय. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरावे, त्यामुळे त्यातील मुक्त क्लोरीन बव्हंशी निघून जातो. विंधन विहिरीचे जड पाणी वारंवार वापरल्यास क्षारांचे पांढरे कण शल्कांवर बसून शोषणात अडथळा येतो. जड पाणी सोडियमच्या साहाय्याने मृदू करणाऱ्या यंत्रातील पाणीही हानिकारक असते.

महाराष्ट्रातील घरांच्या संदर्भात तांब्याविषयी विशेष सावधगिरी आवश्यक आहे. तांबे ब्रोमेलिएसी कुळातील वनस्पतींस विषारी असते. मातीत वाढणाऱ्या झाडाच्या बाबतीत तांब्याचा काही भाग मातीच्या कणांशी बद्ध होतो. टिलँडसियाला असे संरक्षण नाही, पानावर पडलेले पाणी त्यातील विद्राव्य घटकांसह थेट आत जाते. अमेरिकेतील टेक्सासमध्ये झाडांवरील टिलँडसिया रिकर्व्हाटा काढून टाकण्यासाठी ताम्रयुक्त बुरशीनाशकाची फवारणी केली जाते, यावरून या परिणामाची तीव्रता कळते. म्हणून तांब्याच्या हंड्यात साठविलेले पाणी, तसेच पाण्यात तांब्याचा अंश मिसळणाऱ्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी टिलँडसियास देऊ नये. तांब्याच्या तारेने ती बांधू नये. बागेत किंवा परसात बोर्डो मिश्रण फवारावयाचे असल्यास ती आधी दूर हलवावी.

५.३ प्रकाश व तापमान : भरपूर परंतु गाळून आलेला प्रकाश आवश्यक असतो. पूर्वेकडील खिडकीपासून सुमारे एक मीटरच्या आतील जागा उत्तम होय. दुपारचे थेट ऊन, विशेषतः बंद काचेतून येणारे, पाने करपविते. खिडकी नसलेल्या कक्षात ट्यूबलाइट जवळ ठेवून रोज सुमारे १२ तास प्रकाश द्यावा लागतो. साधारणतः १० ते ३२ अंश सेल्सिअस तापमान मानवते.

५.४ वायुवीजन : छताच्या पंख्याची मंद हवा वाळण्यास उपकारक असते. लहान तोंडाच्या काचेच्या गोळ्यात ओली वनस्पती ठेवणे टाळावे. शोभेच्या दृष्टीने हीच मांडणी सर्वाधिक लोकप्रिय असली तरी आतील हवा कोंडलेली राहते. गोळा वापरावयाचाच असल्यास वनस्पती बाहेर भिजवून, पूर्ण वाळवून मगच परत ठेवावी.

५.५ आधार : नारळाची करवंटी, सच्छिद्र दगड किंवा रासायनिक प्रक्रिया न केलेले लाकूड हे योग्य आधार होत. नायलॉनच्या दोऱ्याने सैलसर बांधावे. बुडख्याभोवती माती किंवा ओले शेवाळ लावू नये.

५.६ खत : निसर्गात पावसाबरोबर येणारी धूळ, पक्ष्यांची विष्ठा व कुजलेली पाने यांतून पोषण मिळते. घरात महिन्यातून एकदा विद्राव्य संतुलित खत शिफारशीच्या चतुर्थांश मात्रेत भिजवण्याच्या पाण्यात मिसळावे. खतातील सूक्ष्मद्रव्यांत तांबे कमीत कमी असल्याची खात्री करावी.

६. स्थानिक हवामानानुसार उपयोजन

परदेशी पुस्तिकांतील वेळापत्रक जसेच्या तसे स्वीकारणे योग्य नाही. त्यातील ‘आठवड्यातून एकदा’ हे प्रमाण समशीतोष्ण प्रदेशांतील घरे गृहीत धरते. कोकण व गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की भिजविलेली वनस्पती चार तासांत वाळत नाही. या काळात भिजवणे पंधरा दिवसांतून एकदा व तेही पाच-दहा मिनिटांपुरते करावे आणि नंतर पंख्याखाली वाळवावे. पावसात उघड्यावर ठेवल्यास ती उलटी किंवा तिरपी टांगावी.

पुणे, नाशिक व मराठवाड्याच्या पठारी भागात फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ कसोटीचा असतो. या दिवसांत आठवड्यातून दोनदा भिजवावे. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जात असल्याने वनस्पती घराच्या आतील, उजेडाच्या पण थंड भागात न्यावी. कूलरची दमट, वाहती हवा तिला मानवते, मात्र कूलरच्या टाकीतील क्षारयुक्त पाण्याचे तुषार तिच्यावर पडू नयेत. वातानुकूलित कक्षात हवा कोरडी होत असल्याने पावसाळ्यातही पाण्याचे प्रमाण कमी करू नये. सारांश, दिनदर्शिकेपेक्षा पान वाळण्यास लागणारा वेळ हा अधिक विश्वासार्ह निकष होय.

७. फुलोरा व फुटवे

टिलँडसियाचा प्रत्येक झुबका आयुष्यात एकदाच फुलतो. आयोनान्था जातीत फुलण्यापूर्वी मधली पाने लालबुंद होतात व त्यांतून जांभळी नळीसारखी फुले बाहेर पडतात. फुलोऱ्यानंतर मातृवनस्पती हळूहळू क्षीण होते. अनेक संगोपक याला स्वतःची चूक समजून ती फेकून देतात. वस्तुतः याच काळात बुडख्याशी फुटवे येतात व मातृवनस्पतीतील साठा त्यांना मिळत असतो. फुटवा मातृवनस्पतीच्या तृतीयांश ते निम्म्या आकाराचा झाल्यावर अलग करावा, किंवा तसाच ठेवून झुबका वाढू द्यावा. बियांपासून फुलण्याजोगी वनस्पती तयार होण्यास अनेक वर्षे लागतात, म्हणून घरगुती अभिवृद्धी फुटव्यांनीच करणे व्यवहार्य ठरते.

८. हवा शुद्धीकरणाचा दावा

टिलँडसिया घरातील हवा शुद्ध करते असे विक्रीच्या वेळी सांगितले जाते. गृहवनस्पतींविषयीच्या अशा दाव्यांचे मूळ बहुधा अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ मधील अहवालात शोधले जाते. तो प्रयोग लहान, बंद कक्षांत कुंडीतील मातीसह असलेल्या वनस्पतींवर केलेला होता व त्यात मुळांजवळील मातीचा व सूक्ष्मजीवांचा सहभागही महत्त्वाचा आढळला होता. माती नसलेल्या टिलँडसियास तो निष्कर्ष लावता येत नाही. कमिंग्ज व वेअरिंग यांनी २०१९ मध्ये पूर्वीच्या प्रयोगांच्या आकडेवारीचे पुनर्विश्लेषण केले. इमारतीतील नेहमीच्या वायुवीजनाने बाष्पशील सेंद्रिय संयुगे जितकी निघून जातात तितकी वनस्पतींनी काढण्यासाठी प्रति चौरस मीटर १० ते १००० वनस्पती लागतील, असे त्यांना आढळले. खिडकी उघडणे हा त्याहून सोपा उपाय होय.

तथापि, टिलँडसिया व प्रदूषण यांचा खरा संबंध वेगळ्या दिशेने आहे. हवेतून पडणारे पदार्थ ती पानांत साठवीत असल्याने ब्राझीलमधील साओ पावलोसारख्या शहरांत स्पॅनिश मॉसचा उपयोग हवेतील जड धातूंचा जैवनिर्देशक म्हणून करण्यात आला आहे. ती हवा स्वच्छ करीत नाही, हवेतील मळाची नोंद ठेवते. रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरांत तिची पाने स्वच्छ पाण्याने धुणे म्हणूनच आवश्यक आहे.

९. संवर्धन व व्यापार

टिलँडसियाची वाढ अत्यंत मंद असते. जंगलातून तोडून आणलेल्या वनस्पतींची भरपाई त्यामुळे लवकर होत नाही. मेक्सिको, ग्वातेमाला व एल साल्वादोर येथील झेरोग्राफिका ही जाती धोक्यात आलेल्या वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९२ पासून समाविष्ट आहे. अशा जातींची निर्यात परवान्याविना करता येत नाही. ग्वातेमालात आता रोपवाटिकांतून तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते. खरेदी करताना वनस्पती रोपवाटिकेत वाढविलेली आहे की जंगलातून आणलेली, याची विचारणा करणे हे सुशिक्षित ग्राहकाचे कर्तव्य होय.

दुसरा प्रश्न किडींचा आहे. मेक्सिकन ब्रोमेलियाड भुंगा आयात केलेल्या वनस्पतींबरोबर फ्लोरिडात पोहोचला व १९८९ मध्ये तेथे प्रथम आढळला. त्याच्या अळ्या बुडखा पोखरत असल्याने तेथील मूळच्या टिलँडसियाच्या जातींची मोठी हानी झाली. शोभेच्या हौसेपायी परक्या भूमीतील जैवविविधतेवर संकट ओढवल्याचे हे उदाहरण आहे. भारतात वनस्पतींची आयात २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार नियंत्रित केली जाते. अननस हे याच कुळातील पीक येथे घेतले जात असल्यामुळे प्रवासातून परस्पर वनस्पती आणण्याचा मोह टाळणे अगत्याचे ठरते.

१०. अध्यापनातील उपयोग

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एका टिलँडसियाच्या साहाय्याने अनेक संकल्पना प्रत्यक्ष दाखविता येतात. कोरड्या पानावर पाण्याचा थेंब टाकताच रुपेरी रंग जाऊन हिरवा दिसू लागतो, हे साध्या भिंगातूनही पाहता येते. भिजवण्यापूर्वी व वाळल्यानंतर वजन घेऊन शोषलेल्या पाण्याचे प्रमाण काढता येते. पहाटे व सायंकाळी घेतलेल्या पानांच्या रसाचे अनुमापन करून आम्लतेतील फरक मोजता येतो. यासाठी टिलँडसियाची पाने खर्ची घालण्याऐवजी पानफुटी किंवा अननसाची पाने वापरावीत. अननसाच्या पानावरील शल्के खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास स्थानिक पीक व विदेशी शोभेची वनस्पती यांतील कुलसाम्यही विद्यार्थ्यांच्या ध्यानी येते.

११. निष्कर्ष

१) टिलँडसिया हवेवर जगत नाही. तिला द्रवरूप पाणी, खनिजे, प्रकाश व वाहती हवा यांची गरज असते. तिला केवळ मातीची गरज नसते.
२) पूर्ण भिजणे व चार तासांत पूर्ण वाळणे हा नियम शल्कांच्या रचनेतून, तर सकाळी पाणी देण्याचा नियम कॅम चयापचयातून निष्पन्न होतो.
३) तांब्याचा कोणत्याही रूपातील संपर्क टाळावा.
४) पाण्याचे वेळापत्रक प्रदेश व ऋतू यांनुसार ठरवावे.
५) फुलोऱ्यानंतरचा ऱ्हास नैसर्गिक असून फुटव्यांद्वारे वनस्पतीचे सातत्य राखता येते.
६) हवा शुद्धीकरणाच्या दाव्यास शास्त्रीय आधार नाही.
७) रोपवाटिकेत वाढविलेल्या वनस्पतींचीच खरेदी करावी.

‘देखभाल लागत नाही’ या एका वाक्यावर विकली गेलेली वनस्पती त्याच वाक्यामुळे मरते. तिची गरज आठवड्यातून अर्ध्या तासाची असली, तरी ती गरज नेमकी आहे. ती नेमकी ओळखल्यास ही दूरदेशीची वनस्पती महाराष्ट्रातील कोणत्याही उजेडाच्या खिडकीत अनेक वर्षे टिकू शकते व फुटव्यांच्या रूपाने एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकते.